साखर आहे का?

कोवलमच्या कोळीवाड्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक बाई सकाळी टपरी लावते. करुप्पट्टीची, म्हणजे ताडगुळाची कॉफी. तीन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे पहिल्यांदा कॉफी मागितली तेव्हा ग्लास हातात धरून तिने विचारलं, ‘सर्करै इरुक्का?’ माझं तमिळ तेव्हा कामापुरतंच होतं. साखर आहे का? मला वाटलं, तिची साखर संपलीय आणि ती माझ्याकडे मागतेय. मी पिशवी उलटी करून दाखवली, नाही. ती हसली आणि ग्लास भरून दिला. निम्मी कॉफी पोटात गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्हाला मधुमेह आहे का, असं तिने विचारलं होतं.

‘सर्करै नोय’ म्हणजे साखरेचा आजार. बोलताना ‘नोय’ गळून पडतं आणि नुसती साखर उरते. आपल्याकडेही ‘बाबांना शुगर आहे’ असंच म्हणतात. मधुमेह हा शब्द दवाखान्याच्या भिंतीवर, शुगर घरात. माझ्या बाबांना ती सतरा वर्षं होती.

पुढच्याच वर्षी माझ्या रक्ततपासणीत एचबीए१सी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, त्यापलीकडे घर. डॉक्टर म्हणाले, सात किलो वजन उतरवा आणि गोड बंद करा. दुसरं वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की ते पहिल्यापेक्षा सोपं असावं असं मला वाटलं. नेमकं त्याच महिन्यात एका प्रकाशकाने वजन कमी करण्यावरची एक इंग्रजी पुस्तिका मराठी करायला पाठवली. तिच्या दुसऱ्याच प्रकरणाचं नाव ‘शुगर क्रेव्हिंग्ज’. मी अनुवादक, तौलनिक साहित्य शिकलेली. आणि या दोन शब्दांपाशी आठ दिवस अडकून बसले. रात्री अकराला डबा उघडून गूळ-शेंगदाणे खायचे आणि मग येऊन त्याला मराठीत काय म्हणतात ते शोधायचं, असा तो उद्योग होता.

मराठीत शब्दांची वाण नाही. हाव आहे, वखवख आहे, चटक आहे, तलफ आहे, जिभेचे चोचले आहेत. पण यातला प्रत्येक शब्द माणसाला आधी दोषी ठरवतो, मग त्याचं वर्णन करतो. तलफ त्यातल्या त्यात सौम्य, पण ती तंबाखूची आणि चहाची; तिच्यात व्यसनाचा वास आहे. शरीराने एखादा पदार्थ मागावा आणि त्या मागणीला लाज चिकटू नये, असा एकच शब्द मला सापडला, तो म्हणजे डोहाळे. संस्कृत ‘दोहद’वरून आलेला. जुने वैद्य त्याचा संबंध दोन हृदयांशी लावतात. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय जागं होतं, बाई दोन हृदयांची होते आणि म्हणून तिची इच्छा मोडायची नसते. त्या इच्छेसाठी आपण अख्खं डोहाळजेवण घालतो, पाटाभोवती रांगोळी काढतो. एकाच हृदयाच्या माणसाला मात्र ही सवलत नाही. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला रात्री अकरा वाजता डोहाळे लागले, असं लिहिलं असतं तर प्रकाशकाने पुस्तिका परत मागवली असती.

साखरेचे स्वतःचे शब्द मात्र किती निरागस. शर्करा म्हणजे मुळात वाळू, खडे, कच. त्याच शब्दाची प्राकृतात ‘सक्कर’ झाली, मराठीत साखर, फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि तिकडून युरोपभर. मल्याळम ‘चक्कर’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘जागरा’ झाली, तिची इंग्रजांनी ‘जॅगरी’ केली. म्हणजे इंग्रजीत शुगर आणि जॅगरी हे दोन वेगळे पदार्थ मानले जातात, पण शब्द एकच, दोन वाटांनी तिथे पोचलेला. तमिळमध्ये खडीसाखरेला ‘कर्कंडु’ म्हणतात: कल् म्हणजे दगड, कंडु म्हणजे खंड. आपली खडीसाखरही खड्याचीच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तिला दगड म्हटलंय.

कोवलमच्या किनाऱ्यावर फिरताना हे सगळं मनात चालायचं, कारण फिरणं हाही उपचाराचा भाग होता. चेन्नईच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवरचं हे गाव आता सर्फिंग शिकायला येणाऱ्या मुलामुलींचं झालंय. पण एकेकाळी ते बंदर होतं. नवाबी अमदानीत त्याला सादत बंदर म्हणत. सम्राट सहाव्या चार्ल्सने १७२२ मध्ये ज्या ऑस्टेंड कंपनीला सनद दिली, तिची इथे वखार होती. पुढे फ्रेंच आले, १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने नवख्या, घाबरट शिपायांना घेऊन इथला किल्ला जिंकला आणि तो पाडून टाकला. त्या जागेवर आज मोठं हॉटेल आहे. ऑस्टेंड कंपनीचा खरा नफा कोवलमच्या कापडात नव्हता, तो होता कॅन्टनहून आणलेल्या चहात. इंग्रजांनी आणि डचांनी तिचा इतका धसका घेतला की १७२७ मध्ये तिची सनद स्थगित झाली आणि थोड्याच वर्षांत कंपनी गुंडाळली गेली. चहा स्वस्त होत गेला तशी त्यात घालायला कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांनी पिकवलेली साखरही युरोपात वाढत गेली. आपल्या घरांत हीच जोडी फार उशिरा, विसाव्या शतकात, चहा कंपन्यांच्या जोरदार प्रचारानंतर रुजली. त्याआधी उन्हातून आलेल्याला गूळपाणी मिळायचं. साखर सणाची होती. चहाने तिला रोजची केली, दिवसातून दोनदा, पाहुणा आला की तिसऱ्यांदा.

पण मला शोधायचा होता मराठी माणूस आणि गोड, तमिळ मुलखात. त्यासाठी तंजावरला जावं लागतं.

१६७६च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ पर्यंत तिथे मराठ्यांचं राज्य राहिलं. (सांबार संभाजीवरून आलं ही गोष्ट मी इथे सांगणार नाही. ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिला पुरावा नाही.) व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला रघुनाथ गणेश नवहस्त नावाचा पंडित होता. त्याचा ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ संस्कृतात आहे, पण पदार्थांची नावं सांगताना तो मराठीवर येतो. कोणता पदार्थ कसा करावा, तो अंगाला कसा लागतो, कोणाला बाधतो, धर्मशास्त्र त्याबद्दल काय म्हणतं, हे सगळं त्याने जुन्या ग्रंथांतून वेचून एकत्र केलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी जिलबीच्या इतिहासावर लेख लिहिला तेव्हा याच ग्रंथातली जिलबीची कृती त्यांना उपयोगी पडली. आंबवलेलं पीठ, तुपात सोडलेली वेटोळी, मग पाक. तीनशेहून अधिक वर्षांत त्यात आपण फारशी भर घातलेली नाही. मला यात आवडलं ते असं की नवहस्ताच्या एकाच ग्रंथात जिलबीची कृतीही येते आणि पथ्यही. एकाच माणसाला दोन्ही माहीत असायला हवं, असं त्याने गृहीत धरलेलं दिसतं.

दुसऱ्या सरफोजीच्या काळात या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, निदान कपाटांपुरत्या. गादीवर येण्याआधीची काही वर्षं या मुलाने मद्रासमध्ये, मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली शिकत काढली होती. १७९८ मध्ये तो राजा झाला, पण पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. ज्याला राज्य चालवायचं नसतं असा हुशार राजा काय करतो? पुस्तकं गोळा करतो. सरस्वती महालाचा संग्रह त्याच्यामुळे आज आहे तेवढा मोठा झाला. त्याच्या मुदपाकखान्यातल्या कृतींचं मराठी पुस्तक ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ग्रंथालयाने छापलंय. त्याच राजाने धन्वंतरी महाल काढला, तिथे वैद्यांकडून औषधं पारखून घेतली आणि गुणकारी ठरलेली औषधं तमिळ पद्यांत बांधून घेतली. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते खंड रोगवार छापले गेले आहेत. एक खंड नीरिळिवाचा, म्हणजे मधुमेहाचा. धन्वंतरी महालातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदीही टिकून आहेत.

मी तंजावरला गेले तेव्हा ग्रंथालयाच्या विक्रीच्या खिडकीवरून दोन्ही पुस्तकं घेतली. पाकशास्त्र मराठीत, औषधं तमिळमध्ये. राजाने जेवण आपल्या भाषेत लिहवून घेतलं आणि आजार रयतेच्या भाषेत, असं मी लगेच वहीत टिपलं, आणि हॉटेलवर परतल्यावर खोडलं. औषधं तमिळमध्ये असायला सरळ कारण आहे: सिद्ध वैद्य तमिळ होते, रोगीही बहुतेक तमिळ. अनुवादकाला असे चमकदार निष्कर्ष फार लवकर सुचतात.

वैद्यकाचं मूळ आणखी मागे जातं. चरकाने प्रमेहाची कारणं मोजली आहेत: आरामात बसून राहणं, आरामात झोपणं, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. कोणत्याही आयटी कंपनीतल्या माणसाचा दिनक्रम वाटावा अशी यादी. सुश्रुताने या रोगाचे दोन प्रकार केले. एक जन्मजात, त्यात माणूस कृश असतो. दुसरा कुपथ्याने झालेला, त्यात तो स्थूल असतो. आणि त्यातल्या गरीब रोग्यासाठी त्याने जो उपाय सांगितलाय तो वाचून मी कोवलमच्या वाळूत उभी राहिले. पायांत काही न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षेवर जगत, एका गावात एकाच रात्रीपुरतं राहून शंभर योजनं चालत जावं. किंवा विहीर खणावी. योजनाची लांबी प्रत्येक काळात निराळी, ढोबळमानाने आठ ते तेरा किलोमीटर. म्हणजे मोठं माप धरलं तर मी कोवलमहून निघून पुण्याला अनवाणी पोचायला हवं होतं. माझं घड्याळ रोज सहा हजार पावलांवर माझं अभिनंदन करत होतं.

बाबांना अनवाणी चालणं बंद होतं. तेवढ्या बाबतीत सुश्रुताचं ऐकायचं नाही, हे आता सगळे डॉक्टर सांगतात. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला काटा कळत नाही.

बाबा साखर सोडून गुळावर आले होते. ‘गूळ चालतो’ हे वाक्य आमच्याकडे वेदवाक्य होतं. हे वाक्य आलं कुठून याचा मी शोध घेतला, तर पुन्हा तंजावर निघालं. जे. सी. कुमारप्पा १८९२ मध्ये तंजावरला जन्मले. लंडन, न्यूयॉर्क करून परत आले, गांधीजींकडे गेले आणि १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याचं काम पाहायला वर्ध्याला येऊन राहिले. मराठे तंजावरला गेले होते, तंजावरचा माणूस वर्ध्याला आला. १९३२च्या संरक्षक जकातीनंतर साखर कारखाने धडाधड उभे राहत होते; दक्षिणेत तर कडलूरजवळ नेल्लिकुप्पमला पॅरी कंपनीची साखर १८४२ पासून होत होती. ग्रामोद्योग संघाने त्यांच्याविरुद्ध गुळाची बाजू घेतली. कुमारप्पांचं म्हणणं असं की ऊस चांगली जमीन खातो, ताड पडीक जमिनीत उगवतो. मग जमीन धान्याला सोडा आणि गोडी ताडातून काढा. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यात राजाजींनी सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी आणली. ताडी काढणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला, त्याला गोड नीरा आणि ताडगूळ हे उत्तर होतं. मडक्याला आतून चुना लावला की रस आंबत नाही. कोवलमच्या आसपास उन्हाळ्यात पदनीर विकायला येतं ते तेच, आणि टपरीवरच्या कॉफीतली करुप्पट्टी ही त्याच रसाची.

हा सगळा युक्तिवाद जमिनीचा होता, रोजगाराचा होता, थोडा क्षारांचा आणि लोहाचाही होता. पन्नास वर्षं तोंडोतोंडी फिरून आमच्या सोलापूरच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तो ‘शुगरवाल्यांना गूळ चालतो’ इतकाच उरला. गूळ असो की करुप्पट्टी, त्यातला मोठा भाग सुक्रोजच असतो. रक्ताला कुमारप्पा माहीत नसतात.

दरम्यान महाराष्ट्राने दुसराच रस्ता धरला होता. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि पुढची कथा सांगायला इथे जागा नाही. मराठी वाचकाला ती राजकारणातून पाठ आहेच. माझ्यापुरतं एवढंच की ज्या राज्यात पांढरं पोतं म्हणजे समृद्धी, तिथे वाढलेल्या माणसाला साखर नको म्हणणं कृतघ्नपणासारखं वाटतं. साखरपुडा, साखरझोप, तुझ्या तोंडात साखर पडो. रेशनच्या रांगेत दिवाळीची जादा साखर घ्यायला मला बाबा घेऊन जायचे. पिशवी घट्ट धर, म्हणायचे.

मधुमेहाच्या आधुनिक अभ्यासात चेन्नई आणि पुणे ही दोन शहरं पुनःपुन्हा भेटतात. चेन्नईत डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ मध्ये स्टॅनली रुग्णालयात मधुमेहाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. २०२३ मध्ये देशभराच्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले, तेही चेन्नईच्याच पुढाकाराने: १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे, म्हणजे माझ्यासारखे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. (साखरेला १९७२ मध्ये पुस्तकभर विष ठरवणारे जॉन युडकिन ते हे नव्हेत.) दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. त्याआधी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जन्मणाऱ्या बाळांची वजनं-मापं त्यांच्या गटाने घेतली होती. बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने राखलेली. कृश आणि तरी मेदस्वी. सुश्रुताने दोन खणांत ठेवलेले रोगी इथे एकाच पाळण्यात सापडले.

बाबा सडपातळ होते. आम्ही कौतुकाने सांगायचो, शुगर असून अंगावर मांस नाही. तो फोटो बघितल्यावर मला ते आठवलं आणि पुस्तिका दोन दिवस बाजूला ठेवावी लागली.

उपायांचाही इतिहास आहेच, अगदी ताजा. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांच्या एका व्याख्यानावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ‘विनासायास वेटलॉस’ची मोहीम काढली: कडक भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, रोज चाला. ‘दर दोन तासांनी थोडं खा’ हा सल्ला ज्यांनी नुकताच अंगी बाणवला होता, ते सगळे एका रात्रीत दुसऱ्या टोकाला गेले. आमच्या घराण्याच्या ग्रुपवर यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरून झाली नाहीत. मीही पाच महिने दोनदाच जेवले. चार किलो उतरले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दुपारी चारची ती ओढ ‘विनासायास’ कधीच गेली नाही. ती गेली, म्हणजे निम्मी गेली, ती कंटाळवाण्या गोष्टींनी: सकाळी पोह्यांऐवजी अंडी किंवा मुगाचं धिरडं, जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, घरात डबाच न ठेवणं, आणि वेळेवर झोपणं. अपुऱ्या झोपेनंतरच्या दिवशी गोडाची मागणी दुप्पट होते, हे मी शिकले. डेडलाइनच्या आठवड्यात मी सगळं विसरते.

आता जे टाळत आले ते. बाबांच्या पायाची दोन बोटं काढल्यानंतरच्या दिवाळीत त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात, ज्ञानकोशाच्या खंडांमागे, मला कंदी पेढ्यांचा पुडा सापडला. साताऱ्याहून कोणीतरी आणून दिलेला, निम्मा संपलेला. मी तो घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि चार माणसांसमोर म्हणाले, ‘ही कसली हाव आहे, बाबा?’ ते निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, ‘हाव नाही गं. आठवण येते.’ मी तेव्हा ते बहाणा म्हणून ऐकलं. शब्द जोखणं हा माझा धंदा, आणि समोर आलेला नेमका शब्द मी पुड्यासकट कचऱ्यात टाकला. त्यानंतर ते दीड वर्ष होते. माझ्यासमोर त्यांनी पुन्हा गोड खाल्लं नाही. माझ्यामागे खाल्लं असावं, अशी मी आता आशा करते.

पुस्तिकेत मी ‘गोडाची ओढ’ लिहिलं. संपादकांनी समासात विचारलं, ‘हाव’ जास्त सुटसुटीत नाही का? मी ‘ओढ’ ठेवली आणि कारण दिलं की प्रकरण रोग्याने वाचायचं आहे. त्यांनी ते मान्य केलं. मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत ‘साखरेची हाव जिंका’ असं छापून आलं. ते मला छापून झाल्यावर दिसलं.

गेल्या तपासणीत आकडा ५.९ आला. डॉक्टर खूश नव्हते, नाराजही नव्हते. आठवड्यातून एकदा, शनिवारी, मी टपरीवर जाते. बाई आता विचारत नाही. अर्धा ग्लास भरते, करुप्पट्टी नेहमीच्या निम्म्याने घालते आणि पैसे पूर्ण घेते. परवा तिच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याने आपला ग्लास पुढे केला तेव्हा तिने त्यालाही तो प्रश्न विचारला. त्याने मान हलवून हो म्हटलं, आणि ग्लास तसाच पुढे धरून ठेवला.